देवळीतली बाटली

आज सकाळी दवाखान्याचा माणूस गावात आला होता. चावडीपुढे बसून त्यानं सगळ्यांना तापाच्या पिवळ्या गोळ्या वाटल्या आणि वर सांगितलं, लागल्या तर चोपड्याला या, अजून मिळतील. फुकट. बाया गोळ्या पदराला बांधून हसत घरी गेल्या. मीही आमच्या मुलीसाठी घेतल्या. कालपासून तिला कणकण आहे. तिनं पाण्याबरोबर गोळी गिळली आणि खेळायला पळाली. एवढंच. रिकामा कागद माझ्या हातात राहिला.

मुलगी माझ्या पोटची नाही. थोरल्या जावेची आहे. जावेला मी अक्का म्हणत असे. हे सगळं कुणाला बोलून दाखवणं मला जमत नाही, म्हणून दुपारी घर निजलं आहे तोवर लिहिते.

माझं माहेर नरडाण्याजवळचं. तिथं मी चौथीपर्यंत शिकले. शाळेला लागूनच टपाल होतं आणि टपालातच हिवतापाचं औषध, कोयनेल, मिळे. कार्ड-पाकीट घ्यावं तशी कोयनेलची पुडी घ्यायची. कुणाला हिवताप आला की वडील पुडी आणत आणि पिकल्या केळात घालून भरवत. केळ गोड लागता लागता एकदम जीभ कडू होई. चार दिवसांत आम्ही पुन्हा शाळेत. ताप म्हणजे पुडी, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

लग्न होऊन मी इकडे सातपुड्याच्या पायथ्याशी आले. हिवताप इथं जास्त. पण सुरुवातीला इथंही टपालात पुडी मिळायची. मग लढाई सुरू झाली. कोयनेल कुठल्यातरी दूरच्या बेटावरून येतं आणि ते बेट शत्रूनं घेतलं, असं थोरले दीर पेपरातलं वाचून सांगत. टपालातल्या पुड्या संपल्या त्या संपल्याच.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला अक्काला एकांतरा लागला. एक दिवस बरी, एक दिवस ताप. दुपार कलली की तिला हुडहुडी भरे, घरातल्या सगळ्या गोधड्या अंगावर टाकल्या तरी खाट हलत राही. मग ताप, मग घाम. पण तोंड तिचं कधी बंद नसे. सकाळीच मला म्हणायची, "आज मनी पाव्हणी येई वं. चुल्हाकडे तूच देख. ती काय जेवाले थांबत नही, माले खाईसन जास."

घरात मी बोलत असे ती एकट्या तिच्याशी. माझे यजमान जळगावला कापसाच्या जिनात कामाला होते, महिन्यातून एखाद्या वेळी येत. थोरल्या दिरांसमोर मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभी राहायची, त्यांच्याशी बोलण्याची रीतच नव्हती. सासूबाईंपुढे माझा आवाज निघत नसे. मला काही हवं असलं की अक्का माझ्या वतीनं मागायची.

दिरांनी गाडी जुंपली आणि आम्हा दोघींना चोपड्याच्या दवाखान्यात नेलं. औषध न्यायला बाटली आपली आपणच न्यायची असे. आमची बाटली कंपाउंडरनं नाकाशी धरली आणि मान मागे घेतली.

"बाई, ही रॉकेलची आहे. यात औषध घालू की वात लावू?"

"वातच लाव, भाऊ," अक्का म्हणाली. तिचे दात वाजत होते तरी. "रॉकेल तरी कोठे मिळस? आमना घरमा अंधारच शे."

रांगेतल्या बाया हसल्या. कंपाउंडरही हसला. कपाटामागून त्यानं एक जुनी बाटली काढली, धुतली आणि तीत औषध ओतलं. कागदाची पट्टी घडी घालून कात्रीनं कापली, तिला दोन्ही बाजूंनी खाचा पडल्या, ती बाटलीवर चिकटवली. एक खाच म्हणजे एक वेळचं औषध.

"ताप उतरला तरी सगळं संपवायचं," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला औषध असेल की नाही, ते माझ्या हातात नाही."

घरी येऊन अक्कानं दोन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली. सासूबाईंनी त्यातलं दुसरं धरलं.

पहिल्या दिवशी अक्कानं औषध घेतलं. तिच्या कानात गुंगुं आवाज यायला लागला आणि रात्री जेवलेलं सगळं उलटून पडलं. औषध उष्ण पडलं, असं सासूबाईंनी ठरवलं. आमच्याकडे एकांतऱ्यावर आघाड्याची मुळी बांधतात. सासूबाईंच्या सासूनं त्यांना बांधली होती आणि त्या बऱ्या झाल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी त्या बांधावर गेल्या, आघाड्याला हळदकुंकू लावलं, चार तांदूळ ठेवले आणि उद्या न्यायला येते म्हणून त्याला आमंत्रण देऊन आल्या. मुळी रविवारी दिवस उगवायच्या आत लाकडानं उकरायची, लोखंड लावायचं नाही. आणि घरून निघाल्यापासून मुळी दंडाला बांधेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

दिवसभर आम्हाला बोलणाऱ्या सासूबाई त्या सकाळी मुक्या होत्या. त्या मुळी घेऊन परतत असताना शेजारीण दारात उभी राहिली आणि विचारत सुटली, कोठे गयी व्हती, काय लयनी. सासूबाई हातवारे करताहेत, डोळे वटारताहेत, आणि ती आणखीच विचारते आहे. शेवटी सासूबाईंनी तिला कोपरानं ढकललं आणि घरात शिरल्या. अक्का तोंडावर गोधडी घेऊन खुदखुदत होती. कच्च्या सुतानं मुळी तिच्या दंडावर बांधली जात असताना ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "रोज रईवार ऱ्हाता ते कितलं बरं व्हतं वं!"

सासूबाईंनाही हसू आलं. त्या घरात आम्ही तिघी मिळून हसलो, असं मला तेवढंच आठवतं.

आणि ताप चुकला. पुढच्या पाळीला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. अक्का उठली, चुलीपुढे बसली. बाटली सासूबाईंनी भिंतीतल्या देवळीत ठेवली, देवांच्या शेजारी. पट्टीवरच्या बहुतेक खाचा तशाच होत्या. पूजा करताना त्या देवांबरोबर बाटलीलाही कुंकू लावत. गावात आणखी कुणाच्या घरी कोयनेल नव्हतं. आमच्या घरी होतं.

मी रोज देवळीपुढे झाडायची आणि मला बाटली दिसायची. एकदा सगळा धीर गोळा करून मी म्हटलं, "आत्या, दवाई बठ्ठी पेनी पडस, आसं तो कंपाउंडर सांगत व्हता."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आपणहून बोलले याचंच त्यांना नवल वाटलं असावं. रागावल्या नाहीत. "मुळी बांधेल शे ना? मंग वरथून दवाई कसाले? मुळी रुसी जाई."

मी अक्काकडे पाहिलं. वाटलं, ती नेहमीसारखी माझ्या वतीनं बोलेल. पण तिनं मांडीवरच्या मुलीच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे वं. मी बरी शे. उद्या मनी पोरले ताप उना तं मी कोठेथून आणू?"

दवाखान्यातली बाटली रिकामी झाली तर ती पुन्हा भरून मिळेल, असं तिला सांगायला मी कोण?

कापूस वेचायला लागलो तेव्हा ताप परत आला. या वेळी पाळी धरून नाही, रोजच. आणि मग एका दुपारी तो डोक्यात गेला. अक्का आम्हाला ओळखेना. माहेरच्या कुठल्यातरी विहिरीचं काहीतरी बोलत राहिली आणि मग बोलणंही थांबलं. सासूबाईंनी स्वतः देवळीतून बाटली काढली. मुळी असताना औषध लागू पडणार नाही म्हणून दंडावरचं सूत त्यांनी दातांनी तोडलं. "पे वं माय, पे," म्हणत त्या चमच्यानं औषध पाजत होत्या. अक्काची दातखीळ बसलेली. मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. औषध ओठांवरून माझ्या लुगड्यावर आलं. दुसरा चमचा, तोही आला. तेव्हा मीच बाटलीवर हात ठेवला आणि सासूबाई थांबल्या.

गाडीत घालून तिला चोपड्याला नेलं. डॉक्टरांनी डोळे उघडून पाहिले आणि दिरांना म्हणाले, आता सुईच द्यायला हवी, आणि सुई इथं नाही. जळगावला मिळते का पाहा. दीर लगेच मोटारीनं गेले. आम्ही दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिलो. कंपाउंडरनं अक्काला ओळखलं. रांगेला औषध देता देता तो पुन्हा पुन्हा आमच्याकडे बघत होता. दुपारी बाहेर येऊन त्यानं मला विचारलं, "बाटली संपवली होती ना?"

मी पदर पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का गेली. दीर उन्हं चढल्यावर आले. त्यांना पाहताच कळलं की सुई मिळालेली नाही, आणि त्यांनाही आमच्याकडे पाहून कळलं.

त्यानंतर थंडी संपता संपता मुलीला एकांतरा लागला. सासूबाईंनी मुळीचं नाव काढलं नाही. बाटली देवळीतून आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि त्या परसात जाऊन बसल्या. औषध मी पाजलं, एकेक खाच धरून. मुलीसाठी निम्मी खाच पुरे, म्हणून ते बरेच दिवस पुरलं. मुलगी बरी झाली. पुन्हा तिला तसा ताप आला नाही.

लोक म्हणाले, अक्कानं मुलीसाठी ठेवलं होतं, ते कामी आलं. सासूबाईही हळूहळू तसंच म्हणू लागल्या. ते खोटं नाही. अक्कानं ते प्यायलं असतं तर मुलीच्या वेळी देवळी रिकामी असती. दोघींपैकी एकीपुरतंच औषध त्या बाटलीत होतं. कुणाला द्यायला हवं होतं ते मला आजही सांगता येत नाही, आणि तेव्हा मला कुणी विचारलंही नव्हतं.

बाटलीतलं औषध पहिल्या दिवशी घेताना मुलीनं तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढून गूळ मागितला. मी खडा तिच्या तोंडात घातला. तो चघळत तिनं विचारलं, "काकू, आईले बी हाईच दिधं व्हतं का?"

मी तिला आणखी एक खडा दिला.