बुटावरचा पाय

सोनोग्राफीच्या खोलीला खिडकी नव्हती, आणि पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून दिवाही मालवलेला असायचा. त्या खोलीत एकोणीस वर्षं काढली म्हणून सगळं इस्पितळ तिला काळोखताई म्हणायचं. तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

काम सांगायला सोपं. मुतखड्याने वाट अडली की लघवी किडनीत तुंबते, किडनी फुगते, कधी पू होतो. मग पेशंटला पालथं झोपवायचं, ताईने पाठीवर जेली लावून आतलं पडद्यावर दाखवणारा प्रोब धरायचा आणि मोठ्या डॉक्टरांनी पडद्याकडे बघत सुई आत घालायची. तुंबलेलं बाहेर आलं की नळी बसवायची. डॉक्टरांच्या हाताला यश असं, की लोक लांबून यायचे. नवरा गेल्यावर ताईला ही नोकरी लावून दिली तीही त्यांनीच.

आणि गेली दोन वर्षं डॉक्टरांना सुईचं टोक दिसत नव्हतं. नजरेचा नेमका मधला भाग गेलेला, चष्म्याने भागण्यातला प्रकार नव्हता. हे दोघांनाच ठाऊक. ताईने टेबलाखालून त्यांच्या बुटावर पाय टेकवायचा. एकदा म्हणजे पुढे, दोनदा म्हणजे थांबा, दाबून धरला म्हणजे मागे. पहिल्यांदा तिने ते दयेपोटी केलं, आणि अडकली ती अडकलीच. बोलावं तर ज्याचं मीठ खाल्लं त्याची अब्रू जाणार, निघून जावं तर कुणाच्या तरी आतड्यात सुई जाणार. धड गिळता येईना, धड थुंकता येईना, अशी गत झाली बाईची.

त्यात आई. दूरच्या गावी, अर्धं अंग लुळं पडलेलं. तिचं करणारी मावशी महिनाअखेर मुलाकडे राहायला निघाली होती. तिकडच्या बदलीचा अर्ज द्यायचा आज शेवटचा दिवस, आणि डॉक्टरांनी तो दोनदा टोलवलेला. "तू गेलीस तर माझं काय?" एवढंच म्हणाले होते.

आज टेबलावर एक ट्रकचालक होता, तापाने फणफणलेला.

"ताई, फार दुखेल का हो?"

"दुखेल थोडं. हलू नका. मला शिव्या द्यायच्या असतील तर मनातल्या मनात द्या."

तो पालथा पडल्यापडल्या हसला. सुई आत गेली. ताईने एकदा पाय टेकवला, मग दोनदा. डॉक्टर थांबलेच नाहीत. तिने बूट जीव खाऊन दाबला, तेव्हा कुठे सुई मागे आली. दुसऱ्या खेपेला सिरिंजमध्ये पिवळट पू आला. पडद्याच्या उजेडात डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

नळी बसली, चालकाला बाहेर नेलं.

"आण तो कागद," डॉक्टर म्हणाले. "जा आईकडे."

तिला भरून आलं. डोळे पुसायला ती पाठमोरी झाली, तेवढ्यात त्यांनी सही केली.

कचेरीतल्या कारकुनाने कागद डोळ्यांजवळ नेला. "अहो ताई, सही 'नामंजूर'च्या रकान्यात आहे."

दोन वर्षांत आजच तिने सहीची जागा बोट ठेवून दाखवली नव्हती.

"चुकून झालीय."

"खाडाखोड चालत नाही. सही कशी चुकली ते इथे खाली लिहा, मी वर पाठवतो."

'घाईत झाली' एवढं लिहिलं की काम होणार होतं. पेन कागदावर टेकलंही. पण ती गेल्यावर प्रोब धरायला कुणी नवी येणार, आणि तिला बुटाचं काही माहीत नसणार. मघाशी तर बुटावर दोनदा पाय टेकवूनही डॉक्टर थांबले नव्हते.

तिने लिहिलं, सरांना दिसत नाही.

कारकुनाने वाचलं, हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "ताई, हे वर गेलं तर सर..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी नऊला एक पेशंट आहे. त्याच्या आधी पाठवा."