दोन बोटं लाकूड

बंदूक चालवणारी बायको देवाने फार थोड्यांना दिली असेल. पण बंदुकीला तेल लावून, लुगड्यात गुंडाळून, लेकरासारखी निजवणारी बायको त्याने एकट्या मलाच दिली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. रविवारची मिस्सा आटपून आलो, सुकटीचं कालवण-भात जेवलो आणि ओटीवर बंदूक आडवी घेऊन बसलो. निवडणूक लागली होती. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि मंगळवार ही त्याची शेवटची मुदत होती. ठाण्यात जायच्या आधी तिच्या लाकडाला जवसाचं तेल लागलंच पाहिजे, हा आमच्या घरचा कायदा. "ठाण्याच्या भिंती ओल्या. पाहुणी म्हणून पाठवायची, तर अंगाला तेल नको?" असं बायको म्हणायची. हे तेल फडक्याने लावायचं नाही. उघड्या तळहाताने चोळायचं, हाताची ऊब लागली की लाकूड ते पितं. इतक्या वर्षांत मला तिने कधी चोळू दिलं नाही. मी नुसती नळी धरायची. "तुमचा हात केळीच्या बुंध्यासारखा गार. लाकूड शहारेल," म्हणायची. चारचौघांत ती मला अहो म्हणे, पण बंदूक मांडीवर असली आणि मनात काही असलं की अरे-तुरेवर यायची. त्या रविवारी थोडं चोळून ती थांबली आणि म्हणाली, "आज तू घास." मी फुशारलो. एवढ्या वर्षांनी बढती मिळाली असं वाटलं. तिचेच हात त्या दिवशी गार पडले होते, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

बंदूक विलायती, तिच्या बापाची. बाप चिंचोटीच्या डोंगराखाली भात करायचा आणि एका गोऱ्या साहेबाला जंगलातल्या वाटा दाखवायचा. साहेब मायदेशी गेला तेव्हा बंदूक त्याला देऊन गेला. पुढे बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पडले, रानडुकरं भात लोळवायला लागली, आणि घरात नेमाची नजर उरली ती एका मुलीची. पण साहेब ताडासारखा उंच, आणि दस्ता त्याच्या हाताच्या मापाचा. दस्ता म्हणजे बंदुकीचं मागचं लाकूड, जे खांद्याला टेकतं आणि ज्याच्यावर गाल ठेवून नेम धरतात. मुलीने खांद्याला लावली की बोट घोड्यापर्यंत पोचेना. तेव्हा कामणच्या एका सुताराने खांद्याकडची लोखंडी पट्टी काढली, दोन बोटं लाकूड करवतीने उतरवलं आणि पट्टी परत ठोकली. तेव्हापासून बंदूक तिची झाली. पुढे परवानाही तिच्याच नावावर झाला. तो उतरवलेला तुकडा लहान पोराच्या पावलाएवढा आणि पावलाच्याच आकाराचा. तिने तो टाकला नाही.

मी मुलगी बघायला गेलो तो उसना कोट घालून. वाटलं, मुलगी मान खाली घालून चहा आणील. ती आली बंदूक घेऊन. म्हणाली, "डोळे मिटा. आता उचला, खांद्याला लावा, गाल टेकवा. आता उघडा." ज्याच्या अंगाची बंदूक असते त्याला डोळे उघडल्याबरोबर नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाची लोखंडी खूण, समोर दिसते, शोधावी लागत नाही, असं तिचं शास्त्र. मी डोळे उघडले. माशी कुठेच नाही. माझाच अंगठा माझ्या नाकाला चेपत होता आणि नळी रोखली होती ती होणाऱ्या सासूबाईंच्या वाळत घातलेल्या बोंबलांवर. सासूबाई किंचाळल्या. मुलगी मात्र मला सुतारासारखी न्याहाळत होती.

"हात लांब आहेत," ती म्हणाली. "साहेबासारखे." मग आत जाऊन तो तुकडा घेऊन आली. "हा परत लावला तर तुम्हाला बसेल. पण मग मला बसायची नाही."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी म्हटलं, "मग राहू दे."

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर एकदा मी तिला विचारलं, माझ्यात काय बघितलंस? ती हसली. "बघण्यासारखं काय होतं? राहू दे म्हणालात, म्हणून हो म्हटलं."

माझ्या ह्या बायकोने लग्न होऊन आमच्या गावी, सांडोरला, आल्यापासून एक चिमणी मारली नाही. कायद्याने शिकार बंद झाली तेव्हा शेजारीपाजारी, घरात कोणी गेल्यासारखे, भेटायला आले. ही म्हणाली, "बरं झालं. आता हिच्या लाकडाला ओरखडा पडायचा नाही." बंदूक तिच्या मते मारायला नव्हतीच. "मारायला काय, दगड पुरतो. ही बघायला केली आहे." आणि मग ती दाखवायला बसे. दस्ता अक्रोडाचा, वरून सरळ आणि सडपातळ, कुठे फुगवटा नाही, कुठे उगाच वळण नाही. पुढच्या टोकाला म्हशीच्या काळ्या शिंगाची एक टोपी, बस्स, तेवढाच दागिना. मुठीच्या जागी बारीक जाळी कोरलेली, तीही शोभेला नाही, घामेजलेला हात सुटू नये म्हणून. काडतूस आत सरकवायचा बोल्ट मागेपुढे व्हायचा तो तेल दिलेल्या झोपाळ्याच्या कडीसारखा, आवाज म्हणून नाही. लाकडाला रोगण नव्हतं, नुसतं तेल. उन्हात धरली की आत काळपट रेघा दिसायच्या, ओहोटीनंतर राजोडीच्या वाळूवर उमटतात तशा. "विलायतेतला माणूस कसाही असो," ती म्हणे, "पण ह्या सुताराला आपण किती काम केलं हे झाकायची अक्कल होती."

राजोडीला सुट्टीत आलेला मुंबईचा एक शेठ एकदा ह्या बंदुकीचं नाव ऐकून आमच्या घरी आला. बरोबर स्वतःची नवी कोरी बंदूक. तिच्या दस्त्यावर गालासाठी मोठा उंचवटा, पांढऱ्या पट्ट्या, वर हरणाचं चित्र कोरलेलं आणि रोगण असं की त्यात तोंड बघून भांग पाडावा. शेठने मोठ्या कौतुकाने विचारलं, "कशी आहे?" ही म्हणाली, "लग्नाच्या हॉलातल्या सोफ्यासारखी आहे. बसायला बरी." तरी शेठ हसतच राहिला. त्याला आमचीच विकत पाहिजे होती. हिने त्यालाही डोळे मिटायला लावले. बिचाऱ्याचा गाल एवढा गुबगुबीत की डोळा नळीच्या रेषेत येईना. "तुम्हाला नाही बसत," ती म्हणाली, "आणि जी बसत नाही ती नेऊन काय करणार? बायको असो की बंदूक." शेठने आमचे पावटे घेतले आणि गेला.

हे माप बंदुकीवर थांबलं असतं तर बरं होतं. घरात मूठ असलेली एक वस्तू तिने सोडली नाही. डाव, विळा, छत्री, दाराची कडी, सगळ्यांच्या मुठी काचेच्या तुकड्याने तासायची आणि तेल लावायची. माझ्या कोयत्याची मूठ तिने माझ्या पंज्यावर बेतली. शेजारी एकदा केळीचे घड उतरवायला तो घेऊन गेला आणि तासाभरात परत आणून दिला. म्हणाला, "बाबा, घे तुझा. कापतो मी, पण हात तुझा आहे असं वाटतं." माणसांनाही ती त्याच मापाने मोजायची. नवे फादर आले. सगळा गाव त्यांच्या प्रवचनावर खूश. ही म्हणाली, "बोलतात छान, पण गाल बसत नाही." ह्याच फादरना तिने सुगीच्या सणाला भाताच्या कणसांबरोबर बंदुकीवरही पवित्र पाणी शिंपडायला सांगितलं. फादर गडबडले. "बाई, हे शस्त्र आहे." ही म्हणाली, "देवळात आल्ताराशेजारी सां मिंगेल देवदूत तलवार घेऊन उभा आहे, त्याला कोणी बाहेर काढत नाही." फादरनी पाणी शिंपडलं. लगेच हिने पदराने लाकूड पुसून काढलं, ओल धरेल म्हणून.

पण खरी मजा ठाण्यात. आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत मी पहिल्यांदा तिच्याबरोबर गेलो. टांग्यात मधे बंदूक लाल लुगड्यात गुंडाळलेली, मी काठावर. ठाण्यात एक जाडा हवालदार होता. त्याने बंदूक घेतली आणि बाकीच्यांच्या रांगेत दस्ता खाली करून भिंतीला लावली. ही खवळली.

"उलटी करा. नळी खाली."

"बाई, सगळ्या सरळ उभ्या आहेत."

"सरळ ठेवली की लोखंडाचं तेल खाली उतरतं, लाकडात मुरतं, लाकूड सडतं. उलटी करा."

"साहेबांनी विचारलं तर काय सांगू? हीच एक उलटी का?"

"सांगा, शीर्षासन करते."

हवालदाराने ती उलटी केली. आम्ही वळल्यावर परत सरळ केली असणार, कारण पुढच्या खेपेला ही अर्ध्या रस्त्यात टांग्यातून उतरून मागे गेली आणि त्याला पकडला. प्रत्येक निवडणुकीला तेच भांडण. निकाल लागल्यावर परत आणायला गेलो की ही दस्त्यावरून हात फिरवून म्हणायची, "वाळली." सासरहून आलेल्या लेकीला म्हणावं तसं. हवालदार कपाळाला हात लावायचा. "बाई, आम्ही काय हिला उपाशी ठेवतो?"

आणि तो तुकडा. तो वर्षभर तिच्या पेटीत असे आणि नाताळात गोठ्याच्या देखाव्यात बाळ येशूखाली पाट म्हणून जाई. "साहेबाच्या खांद्याचं लाकूड," मी म्हणायचो, "त्याला ठाऊक असतं तर परत आला असता." कधी चिडवायचो, लाव ना तो परत, मलाही नेम धरू दे. ती म्हणे, "माझ्या मागे लाव. तेव्हा कोणाला बसायची आहे?" आम्हाला मूल झालं नाही. 'माझ्या मागे लाव' हे ती सहज म्हणायची आणि मीही सहज ऐकायचो.

सोमवारी सकाळी ती उठली नाही. संध्याकाळी पुरली. लोक आले, गेले. मंगळवारी सकाळी मी दाढी केली आणि खुंटीवरची बंदूक काढली. शेजारीण म्हणाली, "आज कशाला जाता? पोलीस समजून घेतील." मी म्हटलं, "ती घेणार नाही." ओटीवर उभा राहून मी डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला. रविवारच्या तेलाचा वास होता. डोळे उघडले. अंगठा नाकाला चेपलेला, माशी कुठेच नाही. तिच्या मापात केसाएवढा फरक पडला नव्हता. मग बंदूक लाल लुगड्यात गुंडाळली आणि पेटीतून तो तुकडा काढून खिशात टाकला. तिने सांगून ठेवलं होतं, तर जाता जाता सुताराकडे विचारावं, असं मनात होतं.

ठाण्यात तोच हवालदार. आता पिकला होता. माझ्या मागे, टांग्याकडे बघत म्हणाला, "बाई उतरल्या नाहीत?"

"काल मातीला दिली."

त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. लुगड्यातून बंदूक सोडवली, कोपऱ्यात गोणपाटाची घडी टाकली आणि त्यावर ती उभी केली. नळी खाली. मी सांगायच्या आधीच.

वहीत नोंद करून म्हणाला, "परवाना त्यांच्या नावाचा. आता तुम्ही अर्ज करा. मिळेल, न मिळेल, सांगता येत नाही. पण मिळाली तर तो तुकडा लावून घ्या. बाई सांगायच्या, तुमचे हात लांब."

मी खिशात हात घातला. तुकडा गार होता.

"राहू दे," मी म्हटलं. "मग तिला बसायची नाही."

लुगड्याची घडी काखेत धरून बाहेर आलो. टांगेवाल्याला जा म्हटलं आणि पायी निघालो. सुताराच्या आळीला वळलो नाही. तुकडा खिशातून काढून तळहाताने चोळत चोळत सांडोरला आलो. वाडीत पोचलो तेव्हा त्याला ऊब आली होती. केळीला पाणी द्यायचं राहिलं होतं. ते दिलं.