दर्शनाचे अकरा सेकंद

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या वाळूत सकाळी धावणारे आम्ही आठ-नऊ जण. धावणं तासाभराचं आणि नंतरचा टपरीवरचा चहा दीड तासाचा, त्यामुळे आमच्याकडे वेगापेक्षा किस्से जास्त जमलेत. नवीन माणूस आला की आम्ही त्याला आधी किस्से ऐकवतो आणि मग धावायला लावतो. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी फक्त चहाला येतात. गेल्या वर्षीचे सगळे किस्से मात्र एकाच मुलीभोवती गोळा झाले, आणि गंमत म्हणजे ती तेव्हा इथे नव्हतीच.

ही दर्शना, मिरकरवाड्याची. वय चोवीस. तिचे वडील यशवंतकाका मासेमारी बोटीवर तांडेल आहेत, म्हणजे बोट त्यांच्या शब्दावर चालते. आमच्यातली खरी धावपटू तीच, बाकीचे आम्ही डॉक्टरांनी दम दिला म्हणून धावणारे. तिला शिकवतात नाना, शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे सर. आणि मी रक्त तपासायची लॅब चालवतो, त्यामुळे नको तितके प्रश्न पडण्याची मला सवय आहे.

दहा हजार मीटरच्या शर्यतीत राष्ट्रीय स्पर्धेला जायला जी वेळ लागते, ती दर्शनाला अकरा सेकंदांनी हुकत होती. दोन वर्षं घाम गाळला, पण ते अकरा सेकंद काही हलेनात. शेवटी नाना म्हणाले, "आता हिला डोंगरावर पाठवायला हवं. विरळ हवेत."

*

"विरळ हवा नक्की सुरू कुठे होते?" वकीलसाहेबांनी लगेच विचारलं. आमच्यात सगळ्यांत हळू धावणारे तेच आणि सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारेही तेच. नाना उटीचं नाव घेत होते. वकिलांचं म्हणणं, एवढ्या लांब कशाला, आपला आंबा घाट काय वाईट आहे?

कोरोनातले ऑक्सिमीटर प्रत्येकाच्या कपाटात पडून होतेच. एका रविवारी दोन गाड्या भरून निघालो. घाटाच्या पायथ्याशी, साखरप्याला सगळ्यांनी बोटं पुढे केली. अठ्ठ्याण्णव. घाटमाथ्यावर पुन्हा बोटं पुढे. अठ्ठ्याण्णव. वकिलांनी श्वास रोखून धरला, डोळे बाहेर आले, तेव्हा कुठे सत्त्याण्णव झाले.

मग माथ्यावरच्या हॉटेलात आम्ही दोन-दोन प्लेट मिसळ खाल्ली. नाना पाव मोडत म्हणाले, "इथे हवा काही कमी होत नाही. भूक तेवढी वाढते." उटी पक्की झाली ती तिथे, त्या बाकड्यावर.

*

यशवंतकाकांना समजावायचं काम माझ्याकडे आलं. ते जेटीवर जाळं नीट करत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "जिथं हवा कमी, तिथं पोरीला कशाला धाडायची?"

मी सगळं शास्त्र उलगडून सांगितलं. हवेत ऑक्सिजन कमी मिळाला की शरीर हळूहळू जास्त तांबड्या पेशी तयार करतं, मग खाली येऊन धावलं की त्या जास्तीच्या पेशी कामाला येतात.

काकांचा हात जाळ्यावर थांबला. "म्हणजे मासळी कमी झाली की आमी बोटी वाढवतो, तसंच ना?"

"अगदी तसंच," मी खूश होऊन म्हणालो.

"आनि मग मासळी आणखी कमी होते," काका म्हणाले.

 शेवटी काकांनीच तोडगा काढला. एक सीझन. मेअखेर पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्यावर ओढतात, तोवर दर्शनाने डोंगरावर राहावं. अकरा सेकंद कमी झाले तर पुढचं पुढे. नाही झाले तर धावणं बंद, इथली एखादी नोकरी बघायची. दर्शनाने मान हलवली. तिचा चेहरा पाहून मला उगाचच आपण काहीतरी जोखमीचं करतोय असं वाटलं.

*

गणपती झाले आणि ती गेली. आठवड्याच्या आतच उटीच्या कोचचा नानांना फोन. हे कोच फौजेतून निवृत्त झालेले, हिंदी बोलणारे. आवाज काळजीचा. "सरजी, ये लड़की इतने व्रत क्यों रखती है?"

झालं होतं असं, की कोचनी तिची सरावाची वही मागितली होती. वहीत तारखा नव्हत्याच. 'द्वितीया, सोळा किलोमीटर. अष्टमी, चढ. एकादशी, चढ. पौर्णिमा, वीस किलोमीटर.' असं दोन वर्षांचं सगळं. आमच्याकडे भाट्याची वाळू कधी मोकळी मिळणार हे घड्याळ ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते, आणि ती तिथीवर चालते. पौर्णिमेच्या आसपास पहाटे ओहोटी, म्हणून लांब पल्ला. अष्टमीला सकाळी पाणी वर, म्हणून डांबरी रस्त्याचा चढ.

नानांनी आपल्या मोडक्या हिंदीत चंद्र, समुद्र आणि वाळू असं सगळं समजावलं.  मग कोच म्हणाले, "सरजी, यहाँ समुंदर नहीं है। यहाँ रोज़ दौड़ेगी।"

*

नानांचं मोजमापही वेगळंच. कोण किती मन लावून धावलं हे ते घड्याळात बघत नाहीत. धावून झालं की बनियन पिळायला लावतात. धार लागली तर दिवस सत्कारणी.

पहिल्या महिन्यात दर्शनाचा फोन आला, "नाना, आज चौदा किलोमीटर धावले."

"घाम किती आला?"

"आलाच नाय. इथं येतच नाय, थंडी हाय."

नाना गंभीरपणे म्हणाले, "मग उद्या पुन्हा धाव."

*

भाताचं प्रकरण दर्शनाच्या आईचं. शालनकाकूंनी पोरीसोबत पाच किलो उकडा तांदूळ दिला होता. सकाळी पेज घेतल्याशिवाय हिच्या अंगात जीव येत नाही, ही त्यांची खात्री. दर्शनाने खोलीतल्या शेगडीवर पातेलं चढवलं. तासभर झाला तरी शीत कडकच.

काकूंनी आधी शेगडीला दोष दिला, मग पातेल्याला, मग पोरीला. मग तांदळाच्या गिरणीत जाऊन भांडून आल्या. शेवटी वकीलसाहेबांनी मध्यस्थी केली. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं, पण तेवढं तापत नाही, म्हणून कुकर लागतो.

"पाणी उकळतंय ना?" काकूंनी विचारलं.

"उकळतंय. पण कमी गरम आहे."

काकूंनी वकिलांकडे असं पाहिलं की आयुष्यात कोर्टातही त्यांच्याकडे कोणी तसं पाहिलं नसेल. मग व्हिडिओ कॉलवर पोरीला म्हणाल्या, "जिथं भात शिजत नाय, तिथं तू कशी तयार होणार गो?"

दर्शना हसली नाही. मला ते तेव्हाच खटकलं.

*

कारण तेव्हा तिचं काहीच जमत नव्हतं. पाच आठवडे झाले होते आणि ती वेगाने नव्हे, हळू धावू लागली होती. जिना चढताना धाप लागते म्हणाली. एकदा नानांना म्हणाली, "मी परत येऊ काय?" नानांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

तिचा रक्ताचा रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला. हिमोग्लोबिन होतं तिथेच. खाली आणखी एक आकडा होता, तिच्या शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा, आणि तो तळाला गेलेला. लोहच नाही तर शरीर नव्या पेशी करणार कशाच्या? जाण्याआधी मीच तिचं रक्त तपासलं होतं आणि हा साठा तपासायचं मला सुचलं नव्हतं. इतकी वर्षं लॅब चालवतोय, मला फार लाज वाटली. चहाच्या टपरीवर मी सगळ्यांसमोर कबूल केलं की चूक माझी आहे.

तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. पण मी टपरीवर 'लोह' हा शब्द उच्चारला होता, आणि आमच्या ग्रुपला काहीतरी करायला मिळालं होतं. लोखंडी भांड्यात शिजवलं की लोह मिळतं, हे प्रत्येकाच्या घरी कोणाला ना कोणाला ठाऊक असतंच. शालनकाकूंनी कढई पाठवली. वकिलांच्या बायकोने तवा पाठवला. नानांनी घावन्यांचा बिडाचा तवा पाठवला. कोणी कोणाला विचारलं नाही. मी अपराधी असल्यामुळे दोन कढया पाठवल्या.

कोचचा पुन्हा फोन. "सरजी, रत्नागिरी में लोहे की खान है क्या?"

दोन महिन्यांनी रिपोर्टात आकडा वर चढला. गोळ्यांनी की तव्यांनी, ते कोण सांगणार? काकू मात्र गोळ्यांचं नावही काढू देत नाहीत.

*

शर्यत मेच्या तिसऱ्या आठवड्यात, दूर दुसऱ्या राज्यात. संध्याकाळी आम्ही सगळे माझ्या लॅबमध्ये मोबाईलभोवती. मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. एकोणिसाव्या फेरीला व्हिडिओ अडकला तो अडकलाच. नाना हातातल्या घड्याळावर उरलेल्या फेऱ्या मनानेच मोजत राहिले. अर्ध्या तासाने तिचाच फोन आला.

"नाना, नऊ कमी झाले. दोन राहिले."

 मग एवढंच म्हणाली, "बाबांना तुमीच सांगा. मला नाय सांगता येणार."

यशवंतकाका तीन दिवसांपासून समुद्रात होते, मोबाईलच्या पलीकडे. सीझन संपायला जेमतेम दहा दिवस. आम्ही मिरकरवाड्याच्या जेटीवर गेलो, दर्शनाला फोनवर तसंच ठेवून. जेटीला लागलेल्या एका बोटीच्या वायरलेसवरून नानांनी निरोप दिला. त्याची पोच काकांच्या बोटीपर्यंत नव्हती, म्हणून मधल्या बोटीने तो पुढे दिला, तिने आणखी पुढच्या बोटीला. नऊ सेकंद कमी झाले, दोन राहिले.

आधी मधल्याच बोटी विचारायला लागल्या. "दहा हजार मीटर म्हणजे धक्क्यापासून कुठपर्यंत?" एकाचा आवाज आला. दुसऱ्याने विचारलं, "नऊ सेकंदांत माणूस किती पुढं जातो?" नाना म्हणाले, तिच्या वेगाने चाळीस-पंचेचाळीस मीटर. "म्हणजे आमच्या तीन बोटी एकापुढं एक," तो म्हणाला, आणि त्यानेच ते पुढच्या बोटीला कळवलं.

मग काही वेळ नुसती खरखर. नानांनी फोन वायरलेसजवळ धरला होता. शालनकाकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या.  तिकडून दर्शनाचा श्वास ऐकू येत होता.

शेवटी मधल्या बोटीवरचा माणूस बोलला. "तांडेलाचा निरोप हाय. पोरीला विचारा म्हणतोय, त्या उटीपेक्षा उंच डोंगर हाय काय कुठं?"