सोमवारची रताळी

तिसऱ्या मंगळवारीही परबांची टेस्ट ट्यूब विटेसारखी लाल झाली.

डायबेटिक क्लिनिकमध्ये तेव्हा लघवी अशीच तपासत. निळ्या द्रावणात आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं म्हणजे थोडी, पिवळं म्हणजे बरीच, आणि लाल म्हणजे डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या.

"मिस, हा तुमचा पेशंट चोरून गोड खातोय," डॉक्टर म्हणाले आणि केस पेपरवर इन्सुलिनचा डोस पुन्हा वाढवला. सलग तिसऱ्यांदा.

दत्ताराम परब बाकावर हात जोडल्यासारखे बसले होते. वय पंचेचाळीसच्या आसपास. डिलाईल रोडच्या चाळीत राहायचे, मिलमध्ये माग चालवायचे. मी त्यांना विचारलं, "काल काय काय खाल्लं?"

"काल सोमवार, बाय. तोंडात काय एक घातलंय नाय."

मी फॉर्मवर लिहिलं, 'सोमवार: उपवास. काही नाही.' फॉर्म इंग्रजी होता, म्हणून ते इंग्रजीतच लिहिलं. 'Nil.'

परळच्या त्या हॉस्पिटलमध्ये मी डाएटिशियन होते, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. पेशंट काय खातो ते विचारायचं, त्याचा हिशेब मांडायचा आणि काय खावं, काय टाळावं याचा कागद द्यायचा, हे माझं काम. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. कागदाचा मूळ मजकूर इंग्लंडमधल्या एका पुस्तकातून घेतलेला, मराठी माझं, आणि चुका आईने दुरुस्त केलेल्या. त्यात 'बटाटा वर्ज्य' असं ठळक अक्षरात होतं. मला लोकांशी फार बोलता येत नसे, त्यामुळे कागद हातात दिला की सुटल्यासारखं वाटे.

त्याच आठवड्यात मिलच्या दवाखान्यातून चिठ्ठी आली. गुरुवारी दुपारच्या पाळीत परब मागाजवळ कोसळले. घामाने भिजलेले, जीभ जड, हात थरथरत होते. चालू मागावर पडले असते तर हात गेला असता. जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. तो म्हणाला, हा पिऊन आलाय. पुन्हा असं झालं तर मागावरून काढू, असं खाली लिहिलं होतं.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. घाम, थरथर, जड जीभ ही दारूचीच लक्षणं नव्हेत. इन्सुलिन जास्त झालं आणि रक्तातली साखर एकदम उतरली की हेच होतं. पण परबांची साखर तर चढलेली. लाल ट्यूब मी स्वतः पाहिली होती. मग मंगळवारी चढलेली साखर गुरुवारी कोसळते कशी?

डॉक्टरांना चिठ्ठी दाखवली. "पीत असेल," ते म्हणाले. "मंगळवारी पुन्हा लाल आली तर आणखी चार युनिट."

आणखी चार युनिट म्हणजे काय, ते मला कळत होतं. तरी मी चिठ्ठी फाइलला लावली.

शनिवारी परबांची बायको आली. क्लिनिकचा दिवस नव्हता, तरी दाराशी उभी राहिली. नऊवारीचा पदर घट्ट आवळून धरला होता.

"बाय, ह्ये दारूक हात लावणत नाय. मिलवाले कायव म्हणतत. माग गेलो तर आम्ही खाव काय?"

"गोड काही खातात का? चहात साखर?"

"साखर बंद. भात मोजून. तुमच्या कागदार बटाटो नको म्हणून लिवलला, तो घरात आणूक नाय. पूर्वी उपासाक बटाटोच देय मी."

मी लिहायची थांबले. "मग आता उपासाला काय देता?"

"रताळी."

"किती?"

"दुपारी दोन, रात्री दोन. उकडून, दुधात कुस्करून. उपाशी माणूस तो, पोटाक आधार नको?"

"पण परब म्हणाले, काहीच खाल्लं नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी नक्की कुठे वाढले असा तिला प्रश्न पडला असावा. "रताळी म्हणजे काय जेवाण? उपास तो."

मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. आमच्या गिरगावच्या घरी आई चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, वर केळं आणि दोन वेळा कॉफी घेऊन संध्याकाळी म्हणायची, "सकाळपासून पोटात काही नाही गं." हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. हॉस्पिटलच्या टेबलामागे बसल्यावर तेवढं विसरले.

त्या दुपारी मी बटाटा आणि रताळं, दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडले. शंभर भाग बटाट्यात पिष्ट आणि साखर मिळून बाविसेक भाग. तेवढ्याच रताळ्यात अठ्ठाविसाच्या घरात, आणि त्यातला काही भाग सरळ साखरच, म्हणून तर ते गोड लागतं. रताळं वाईट नाही. त्यात तंतू असतात, पोट भरतं, निरोगी माणसाने खुशाल खावं. पण आम्ही परबांचा बटाटा काढून घेतला होता आणि त्या जागी त्याहून भारी वस्तू आपल्याच कागदाने नेऊन बसवली होती.

क्लिनिक मंगळवारी. म्हणजे आम्ही दर वेळी फक्त सोमवारची रताळी तपासत होतो. इन्सुलिन मात्र सातही दिवस त्या रताळ्यांच्या मापाने टोचलं जात होतं.

सोमवारी सकाळी मी डॉक्टरांच्या खोलीबाहेर बराच वेळ उभी राहिले. मग आत गेले.

"सर, परबांची तपासणी शुक्रवारी करून बघू या?"

"क्लिनिक मंगळवारी असतं, मिस."

"हो सर. आणि उपवास सोमवारी असतो." मग मी रताळ्यांचं सगळं सांगितलं.

"रताळी," डॉक्टर म्हणाले. "उद्या डोस वाढवत नाही. शुक्रवारी बोलवा."

शुक्रवारी ट्यूब निळी राहिली. डॉक्टरांनी स्वतः ती उजेडात धरून पाहिली. डोस खाली आणला आणि मिलला पत्र लिहिलं, की हा माणूस दारूने पडलेला नाही, औषध जास्त झाल्याने पडला आहे. जास्त कोणी दिलं ते लिहिलं नाही. लिहिता लिहिताच ते मला म्हणाले, "त्याला उपास बंद करायला सांगा."

परब ऐकेनात. "मुंबय महाराष्ट्राची होयसर सोमवार धरलंय, बाय. माझ्या बाजूच्या मागावरचो माणूस मोर्चाक गेलो तो परत इलो नाय. मी काय केलंय? नुसतो उपास. तो पण सोडू?"

मी सोबत आलेल्या त्यांच्या बायकोला विचारलं, उपासाला आणखी काय चालतं? तिने बोटं मोजली. सुरण, काकडी, शेंगदाणे, ताक, लाल भोपळा.

भोपळा! शंभर भागांत पिष्ट जेमतेम पाच भाग. भाजी वाटीभर खाल्ली तरी चिंता नाही. तुपाची थेंबभर फोडणी, जिरं, मिरची, वर दाण्याचं कूट.

"भोपळो?" परबांचा चेहरा पडला. "देवाक तरी आवडात काय?"

"देवाचं मी बगतंय," बायको म्हणाली. "तुम्ही गिळा."

परबांचा माग राहिला. दर मंगळवारी ट्यूब कधी निळी, कधी हिरवट. आमच्या छापील फॉर्मवर मी एक ओळ हाताने, मराठीत वाढवली: 'उपवास कोणते? त्या दिवशी नक्की काय काय?' ती ओळ भरायला मला सर्वांत जास्त वेळ लागे.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली, त्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी परब आले. कपाळाला गुलाल होता. मी म्हटलं, "अभिनंदन. सोमवार सुटला तुमचा. कागद बदलते."

ते ओशाळून हसले. "कागद ऱ्हवान देवा, बाय. बेळगाव ऱ्हवला मां."

मी केस पेपरवर लिहिलं, 'सोमवार: भोपळा चालू.'