घामट हातांची सून

मिनलच्या हाताला घाम येतो, ही बातमी महाल भागातल्या तिच्या गल्लीत कोणालाच नवी नाही. तुम्ही म्हणाल, नागपुरात घाम कोणाला येत नाही हो? खरं आहे. पण मिनलचा घाम ऋतू पाहत नाही. जानेवारीत अख्खं गाव मफलर गुंडाळून चहाच्या टपरीला चिकटलेलं असतं, तेव्हाही हिचे तळहात ओलेच. दहावीच्या पेपरला हाताखाली रुमाल, रुमालाखाली पुठ्ठा, एवढा बंदोबस्त करूनही भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत नर्मदा आणि तापी एकमेकींत मिसळल्या. लग्नात भटजींनी हातात हात द्यायला सांगितलं, तेव्हा नवऱ्याला, म्हणजे अश्विनला वाटलं, पोरगी बिचारी भेदरली. तो हळूच म्हणाला, "भेऊ नको वं."

"भेत नाही मी. माझा हात असाच हाय. तुले जन्मभर असाच भेटन," ती म्हणाली. मग थोडा तोच भेदरला.

हिंगण्याच्या ज्या कारखान्यात ती मालाची तपासणी करते, तिथलं हजेरीचं यंत्र तर तिचा अंगठा ओळखायलाच तयार नसतं. लाल दिवा, पुन्हा लाल दिवा, मागे पाळीला आलेल्यांची रांग, आणि रांगेतून कोणीतरी, "मॅडम, पुसा ना जरा, आमची हाजरी जाऊन राहिली!" शेवटी साहेबांनी तिच्यासाठी वेगळं कार्ड करून दिलं.

आता अशा बाईने छंद तरी कोणता धरावा? भरतकाम आहे, भजनी मंडळ आहे, गेला बाजार टीव्ही आहे. पण नाही. ही बाई दर रविवारी कातळ चढायला जाते. ज्या खेळात सगळा जीव बोटांच्या पेरांवर टांगलेला, तोच हिला आवडायचा होता! कॉलेजात असताना लागलेला नाद. जित्याची खोड म्हणतात ती हीच. हिंगण्याच्या पुढे एका टेकडीवर काळ्या दगडाची उभी भिंत आहे. तिच्यावरच्या सगळ्यात अवघड वाटेचं नाव घोरपड. वरच्या कडेपाशी दोन बोटं जेमतेम शिरतील एवढीच खाच आहे, आणि तिथून मिनल किती वेळा सुटली असेल ते तिलाच ठाऊक. दोर धरायला कॉलेजपासूनचा मित्र सौरव असतो. तो म्हणतो, "मिनल, तू चढत नाही वं, तू दगड पुसून राहिली."

म्हणून तिचं सगळं लक्ष चॉकवर. हे चॉक म्हणजे शाळेतला खडू नव्हे. खडू फासून चढायला गेलात तर हातपाय मोडून घ्याल. ही मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड. ती घाम पिते आणि बोटं कोरडी ठेवते. पण त्यातही शंभर तऱ्हा, आणि मिनलचे नखरे एकशे एक. तयार पूड तिला चालत नाही. फार बारीक असते, तोंडाला लावायच्या पावडरीसारखी हातावर बसते आणि दगडावर गेली की दगा देते. बाटलीतलं ओलं चॉक मिळतं, ते चोळलं की स्पिरिट उडून जातं आणि पांढरा थर राहतो. तो थर तिचा घाम पहिल्या वळणावरच खाऊन टाकतो, वर कातडीला भेगा पडतात. तिला लागतो अख्खा ठोकळा. आला की कोपरा मोडून दोन बोटांत चोळायचा. रेशमासारखा लागला तर घरात राहील, खरखरला तर आल्या पावली परत.

मग त्याची तयारी. ठोकळा सुती पिशवीत घालून लाटण्याने ठोके द्यायचे, तेही बेताने. कुटायचा नाही, फोडायचा. मग रव्याच्या चाळणीतून चाळायचा. वर राहतात ते तुरीच्या दाण्याएवढे खडे, खाली पडते ती पूड. खडे जास्त, पूड कमी असं दोन्ही पुन्हा एकत्र करायचं, म्हणजे चढताना कमरेच्या थैलीत हात घातला की खडे चुरडले जातात आणि दर वेळी ताजी पूड मिळते. शेवटी गच्चीवर ऊन दाखवायचं आणि वरून पातळ ओढणी बांधायची, नाहीतर वारा ते सगळं शेजारच्यांच्या पापडांवर नेऊन टाकतो. हे एकदा झालेलं आहे. शेजारच्या काकूंनी ते पापड तळले, खाल्ले, आणि यंदा पापड छान फुलले म्हणून सांगायलाही आल्या! मिनल देवघराकडे तोंड करून उभी राहिली.

हा सगळा खटाटोप सासूबाई पाहत असत. इंदुताई. माहेर आणि सासर दोन्हीकडे शेती, आणि अजूनही गहू, तूर, हरभरा घरचाच येतो. बाई तशी बोलकी. भाजीवाल्याला तासभर उभं करील. पण सुनेच्या या उद्योगाबद्दल मात्र तोंडाला कुलूप. दोन वर्षांपूर्वी, लग्नानंतर पहिल्यांदा मिनल दोर खांद्यावर टाकून निघाली, तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, "हे किती दिवसाचं हाय वं?" मिनल म्हणाली, "पाहू ना, आई." तेवढंच. तिथपासून त्या विषयावर चकार शब्द नाही.

"आई गप्प हाय म्हणजे तिले चालते," अश्विन म्हणे.

"आई गप्प हायेत म्हणजे ठरवून राहिल्या," मिनल म्हणे. तिला आतून खात्रीच होती की एक दिवस, बहुधा एखाद्या सणाला, चार पाहुण्यांसमोर, सासूबाई म्हणतील, झालं तेवढं पुरे झालं. आणि त्या म्हणाल्या की आपल्याच्याने नाही म्हणवणार नाही, हेही तिला माहीत होतं, कारण बाई वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. चढणं सुटलं तर आपलं काय उरेल, हा हिशेब ती रोज मांडायची. म्हणून त्या रविवारी घोरपड व्हायलाच हवी होती. एप्रिल सरत आला होता. आणखी आठवड्याने दगड असा तापणार की त्यावर पोळी भाजावी, आणि मग थेट दिवाळीपर्यंत सुट्टी. तोवर घरात काय ठरेल कोणी सांगावं! निदान एकदा वर पोचल्याचं समाधान तरी गाठीला असावं.

शनिवारी सकाळी तिने नवा ठोकळा फोडला, चाळला, उन्हात ठेवला, स्टीलच्या डब्यात भरून ओट्यावर ठेवला आणि ती पाळीला गेली. त्याच दिवशी गावाकडून टेम्पो आला. गहू, डाळ, पोती, चादरी; संध्याकाळी ती परतली तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. इंदुताई मधोमध फतकल मारून डाळीला एरंडीचं तेल चोळत बसल्या होत्या. विदर्भातल्या कुठल्याही घरात वर्षाचं धान्य असंच भरतात. तेलाचा हात फिरला की कीड लागत नाही. घरभर तोच वास. मिनलने वाट काढत ओट्यावरचा डबा उचलला, पिशवीत टाकला आणि ती लवकर झोपली.

रविवारी उजाडताना ती आणि सौरव कातळापाशी. मिनलने डबा थैलीत रिकामा केला, साबणाने हात धुतले, पुसले, थैलीत घातले. चॉक आज काय सुरेख बसलं! मऊ, दाट, अजिबात उडत नव्हतं. "सौरव, आजचं चॉक पाह्य गा! असं कधीच जमलं नव्हतं," ती म्हणाली आणि तिने दगडाला हात घातला.

दोन हात वर गेली आणि सटकली. हसली, पुन्हा चॉक लावलं, पुन्हा चढली, पुन्हा सटकली. जितकं जास्त चॉक, तितकी लवकर खाली. ज्या जागेवर नवशिकी पोरं उभं राहून फोटो काढतात, तिथेही तिला टिकता येईना. वरची ती दोन बोटांची खाच तर आज तिला दिसलीसुद्धा नाही. मग सौरवने दगडावरचा तिच्या पंजाचा ठसा पाहिला. ठसा चकाकत होता. त्याने बोट लावलं, वास घेतला आणि तो मटकन खालीच बसला.

"मिनल, हे एरंडीचं तेल हाय. तुले चढायचं होतं की पोट साफ करायचं होतं?"

तो पोट धरून हसत होता आणि हिच्या डोळ्यांत पाणी. पुढचा वेळ दोघांनी जुन्या टूथब्रशांनी आणि सौरवच्या डब्यातल्या चांगल्या चॉकने दगड घासण्यात घालवला, कारण दुसरं कोणी त्या तेलावरून पडलं तर पाप लागलं असतं. घासून होईतो ऊन भिंतीवर आलं आणि मोसम संपला.

परतताना गाडीवर मिनलच्या डोक्यात खटला उभा राहिला. साक्षीपुरावे तिचेच, वकीलही तीच. दोन वर्षं गप्प बसल्या त्या यासाठीच! तोंडाने नाही म्हणायचं नाही, वाईटपणा घ्यायचा नाही, आणि डब्यात तेल ओतून मोकळं व्हायचं. वा गं बाई! तिने वाक्यंसुद्धा तयार केली. महालाच्या गल्लीत शिरेपर्यंत ती तीनदा घर सोडून माहेरी जाऊन आली होती.

दारात अश्विन होता. "झाली का घोरपड?" त्याने विचारलं आणि बायकोचा चेहरा पाहून तो मुकाट्याने बाजूला झाला.

इंदुताई आत कोठीत डाळ भरत होत्या. मिनलने डबा त्यांच्यासमोर ठेवला. "आई, याच्यात तेल तुम्ही घातलं?"

"हो," इंदुताई म्हणाल्या. ना दचकल्या, ना हात थांबला. "बोटभरच घातलं. जास्त झालं काय?"

मिनलने डब्याचं झाकण उघडलं. "पण काहून? काहून घातलं, आई?"

"काहून म्हणजे? सारं भरून राहिली होती ना मी. गहू झाले, डाळ झाली, तुझा डबा दिसला. इतकं निवडून, चाळून, वाळवून ठेवते तू. दाण्यायेवढे खडे पाहिले. म्हटलं, याले कीड लागली तं पोरीची मेहनत वाया जाईन."

"कीड? आई, ते दगडाचं हाय! त्याले कोणती कीड लागते?"

"मले काय माहीत, मी काय डोंगर चढते?" आता इंदुताईंनाही राग आला. "आपल्या घरात जे जे लागते ते मी वर्षाचं भरून ठेवते. कोणाचं सोडलं आजवर? तुझं एकटीचं काहून सोडू?"

मागे दारात अश्विनने हसू दाबायला तोंडात टॉवेल कोंबला. मिनल तिथेच पोत्यावर बसली. हसावं की रडावं कळेना, आणि दोन्ही एकदमच झालं. तिने सासूचे तेलकट हात आपल्या ओल्या हातांत घट्ट धरले.

"सोड वं, डाळ सांडीन," इंदुताई म्हणाल्या, पण त्यांनीही हात काढून घेतले नाहीत. दोघींचे हात असे निसरडे की धरून ठेवायलाच जोर लागत होता. मग त्यांनी विचारलं, "वाया गेलं का मंग सारं?"

"सारं गेलं."

"जाऊ दे. अश्विनले सांगते, नवं मागवन. किती लागते तुले? सालभराचं सांग, एकदाच भरून टाकू."

चॉकबद्दल काहीही विचारा, मिनल झोपेतून उठून उत्तर देते. पण हे तिला सांगता येईना. दोन वर्षं ती एका वेळी एकच ठोकळा मागवत आली होती, आणि तो संपायच्या आधी दुसरा मागवायचं धाडस तिला कधी झालं नव्हतं.