मॉडेम दिवाळीनंतर बदलू

सहादेव नाना पारनेरच्या मार्केट यार्डात मापाडी आहेत. कांद्याच्या गोण्या काट्यावर घ्यायच्या, वजन मोठ्याने पुकारायचं, पुढची गोणी घ्यायची. एवढं पुकारण्यातच दिवसभराचं बोलणं संपत असावं, कारण घरात ते फारसे बोलत नाहीत. वस्तू बिघडली की एकच वाक्य, "चाललंय ना, मग चालू दे." त्यांच्या घरातला मिक्सर झाकण दाबून धरल्याशिवाय फिरत नाही आणि मोटरसायकल उताराला लावल्याशिवाय सुरू होत नाही.

त्यामुळे नाना मॉडेम बदलू देत नाहीत, याचं सुरुवातीला कुणाला नवल वाटलं नाही.

मॉडेम होता सुनेच्या, वृषालीच्या खोलीत. ती कानाला हेडफोन लावून पुण्याच्या एका विमा कंपनीच्या ग्राहकांशी बोलायची. लग्न झालं तेव्हा नोकरी सुटू नये म्हणून कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली होती. टीव्हीच्या केबलमधूनच इंटरनेट यायचं आणि तिचं बरं चाललं होतं. नवरा चेतन सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, संध्याकाळी दोघं घरी. नानांची बायको कलाबाई येईल त्याला सांगायच्या, "आमच्या सुनंचं हापिस घरातच हाय."

गेल्या पावसाळ्यापासून मात्र कॉल तुटायला लागले. समोरच्या माणसाचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा आणि मग बंद. मॉडेमचे दिवे विझायचे, पुन्हा एकेक करून लागायचे. तोवर ग्राहक चिडून गेलेला असायचा आणि कंपनीच्या नोंदीत वृषालीच्या नावापुढे लाल खूण पडायची.

केबलवाला रविराज येऊन बघून गेला. मॉडेमला हात लावत म्हणाला, "वहिनी, याच्यावर भाकरी भाजंल. सात वर्षं झाली याला. बनवणाऱ्या कंपनीनं याच्याकडं बघायचंसुद्धा सोडलंय. नवा बसवा."

"बसवा म्हणजे काय, आजच बसवा," वृषाली म्हणाली. "माझ्या पगारातून घेते."

चेतन हसत म्हणाला, "नानांना विचार आधी. ते म्हणतील, त्याला अजून पेन्शन बसली न्हाई."

नाना दारात उभे होते. त्यांनी रविराजला बाहेर अंगणात नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "नवा बसवला की भागंल ना?"

"भागंल की. पण एक काम करावं लागंल." रविराजने अंगणातल्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीच्या माथ्यावर एक छोटी डबी होती. केबल त्या डबीत येऊन दोन वाटांनी फुटायची. एक नानांच्या घरात, दुसरी भिंतीपलीकडे. "निम्मी ताकद तिकडं जाते नाना. जुना मॉडेम कसंतरी भागवतोय, नव्याला पुरी ताकद पाहिजे. ती पलीकडची वायर काढावी लागंल."

नानांनी भिंतीपलीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "दिवाळीनंतर बघू. आन् ती वायर हलवायची न्हाई. तिकडं जायचंबी न्हाई."

भिंतीपलीकडे धाकटा भाऊ ज्ञानेश्वर राहतो. पूर्वी भिंत नव्हती, अंगण एक होतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं, चार माणसांसमोर वाटणी झाली, वावर वाटलं, घर वाटलं आणि म्हातारी आई, साळूबाई, धाकट्याच्या वाट्याला गेली. त्या दिवशी नाना रागाने म्हणाले होते, "पुन्हा तुझ्या उंबऱ्याला मी पाय लावला तर बघ." शब्द तोंडातून गेला आणि तिथेच राहिला. आईचं घर दहा पावलांवर, पण वाटणीनंतर नानांनी आईला पाहिलं ते लोकांच्या लग्नात, लांबून. आता तर ती अंथरुणाला खिळलेली.

टीव्हीची वायर तेवढी वाटणीत कुणाच्या ध्यानात आली नाही. पलीकडच्या सेटटॉप बॉक्सचा रिचार्ज नाना गुपचूप भरत राहिले. दुपारी यार्डातून जेवायला आले की भिंतीपलीकडून कीर्तनाचा आवाज यायचा. मृदंग, टाळ, मधूनच बुवांचा चढा स्वर. नाना ताटावर बसून तो ऐकायचे. म्हातारी जागी आहे, ऐकते आहे, आणि आपल्या वायरीतून ऐकते आहे. यापलीकडे आईसाठी त्यांना काही करता येत नव्हतं. पण हे ते कुणाला सांगणार? बायकोलासुद्धा त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यापेक्षा चिक्कू म्हणवून घेणं सोपं होतं.

दिवाळी झाली. वृषालीने पुन्हा विषय काढला.

"मामा, आता बदलायचा ना?"

"संक्रांत होऊ दे."

"संक्रांतीचं आन् मॉडेमचं काय नातं?" कलाबाई कडाडल्या. "यार्डातला काटा दरसाल तपासून शिक्का मारून आणता. इथं पोरगी दिवसभर हॅलो हॅलो करून ओरडती, ते न्हाई दिसत?"

नाना उठून बाहेर गेले. त्या दिवसापासून वृषाली त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागली. ताट वाढायची, पाणी द्यायची, खोलीत जायची. दाराआडून तिचा आवाज ऐकू यायचा, "सॉरी सर, तुमचा आवाज तुटतोय सर." मॉडेम बदलून टाकावा, असं रोज ताटावर नानांच्या मनात यायचं. तेवढ्यात पलीकडे टाळ वाजायचे.

संक्रांतीच्या आधीच कंपनीने वृषालीला कळवलं, पुण्याच्या ऑफिसात येऊन काम करा, नाहीतर सोडा. तिने रडारड केली नाही. वाघोलीला मैत्रिणीजवळ खोली बघितली. निघताना नानांच्या पाया पडली आणि म्हणाली, "मामा, मला इथंच राहायचं होतं. एका डबड्यासाठी तुम्ही मला घराबाहेर काढलं."

नानांनी तिची बॅग उचलून फाटकापर्यंत नेली. महिन्याभरात चेतननेही तिकडेच काम बघितलं.

इंटरनेट कुणासाठी ठेवायचं? कलाबाईंनी रविराजला बोलावून मॉडेम काढायला सांगितलं. नाना जेवून नुकतेच उठले होते. पलीकडे कीर्तन रंगात आलं होतं.

"तिकडची वायर सांभाळ रे," नाना म्हणाले.

रविराज शिडी लावून भिंतीवर चढला. डबीशी खटपट करताना पलीकडे वाकला आणि तिकडची वायर नीट बांधायला त्याने ती वर ओढली. वायर सहज वर आली. सगळीच आली. तिचं टोक त्याच्या हातात होतं. तांब्याची तार उघडी, हिरवी पडलेली.

पलीकडे कीर्तन चालूच होतं.

"नाना, ही कुठंच जोडलेली न्हाई," रविराज म्हणाला. "त्यांच्या टाकीमागं छत्री दिसतीय. डिश बसवलीय त्यांनी. लई दिवस झालेत, ही तार बघा की."

नानांनी हात वर करून ते टोक हातात घेतलं.

"हात्तिच्या! आन् आपण मॉडेमला शिव्या देत होतो. उघडं टोक आसलं की वायर बाहेरचा सगळा गोंगाट ओढून घेती, त्यात पावसाचं पाणी गेलेलं. मॉडेम बिचारा चांगला आसंल. तवाच मला तिकडं जाऊ दिलं आसतं, तर दहा मिनिटांचं काम होतं."

"काय म्हणतोय ओ त्यो?" कलाबाईंनी आतून विचारलं.

नानांनी खुंटीवरची टोपी घेतली, फाटकातून बाहेर पडले आणि वळसा घालून ज्ञानेश्वरच्या दारात जाऊन उभे राहिले. उंबऱ्याच्या अलीकडे.

धाकटी भावजय सत्यशीला बाहेर आली. त्यांना पाहून तिने पदर सावरला. आत या म्हणावं की नाही, हे तिला कळेना.

"डिश कधी बसवली?" नानांनी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"मागच्या उन्हाळ्यात. हे म्हनले, दुसऱ्याच्या वायरीवर किती दिस काढायचे? तुमाला सांगायला पायजे हुतं, पन सांगनार कोन?"

"आई जागी हाय का?"

"न्हाई ओ. दुपारच्या झोपत्यात त्या."

"कीर्तन लागलंय की."

"ते लागतंच. आवाज आसला की त्यांना झोप लागती. बंद केलं की दचकून उठत्यात." ती थांबली. "उठवू का?"

"नको."

नाना पायरीवर बसले. सत्यशीलाने पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर आणून ठेवला आणि ती आत गेली. अर्ध्या उघड्या दारातून खाटेचा एक पाय आणि गोधडीचं टोक दिसत होतं. कीर्तन संपलं, जाहिराती लागल्या, दुसरं कीर्तन सुरू झालं. गोधडी हलली नाही. यार्डात दुपारचा लिलाव सुरू झाला असेल, मापाडी कुठे गेला म्हणून शोधत असतील. आई उठली तर तिच्याशी काय बोलायचं, हे त्यांनी मनात जुळवून पाहिलं. थोडंफार जुळलंही.

वृषालीला काय सांगायचं, ते मात्र जुळत नव्हतं.