सामन्याआधीचा नारळ

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही — बायकोला नाही, मित्रांना नाही. ती माझ्याबरोबर चितेवर जाईल, असंच ठरवलं होतं. अर्थात, कुणी विचारलंही नव्हतं.

तुम्हाला आठवत नसेल, पण काही वर्षांपूर्वी आमच्या रत्नागिरीला व्यावसायिक बास्केटबॉलचा संघ होता. लीग एकच हंगाम चालली. मुंबईची मंडळी आली, हॉलमध्ये चकचकीत लाकडी मैदान घातलं, संघाच्या नावात वाघ घातला — आमच्याकडे बिबटे येतात, पण ते असो. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, आवाज बरा, म्हणून निवेदक झालो. मैदानाला लागून टेबल, पुढ्यात माइक. थाटमाटाची टिंगल करायला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

बाकीचे खेळाडू पंजाब, केरळकडचे. आपला म्हणावा असा एकच — मंदार, देवरूखजवळच्या खेड्यातला. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला एका सरकारी कंपनीच्या संघाची माणसं खास त्याला पाहायला आली होती. खेळ पसंत पडला तर खेळाडूंच्या कोट्यातून कायमची नोकरी. हे सगळ्या हॉलला माहीत होतं. मलाही.

मुंबईकरांना त्या दिवशी काहीतरी 'लोकल' हवं होतं. मंदारचे वडील, तात्या, गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचे, त्यांना बोलावलं. तात्यांनी स्वतःच्या माडाचा नारळ आणला, आणि तो फोडायला जांभ्याचा चिराही. माझ्या टेबलासमोर गोणपाट टाकून त्यावर चिरा ठेवला. तात्या डोळे मिटून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, या पोरांच्या हातापायाला यश दे रं म्हाराजा." सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठा आवाज पंजाबच्या खेळाडूचा.

नारळ फोडायचा मान प्रमुख पाहुण्यांचा. बँड वाजू लागला, फ्लॅश उडाले. कुणीतरी नारळाची दोन्ही भकलं माझ्या टेबलाखाली सरकवली, चिरा-गोणपाट उचललं, आणि तात्या वर प्रेक्षकांत जाऊन बसले.

पाणी मात्र राहिलं. गोणपाटाबाहेर ओघळलेलं, हातभर. उभ्या माणसाला दिसलं नसतं. मी खाली बसलो होतो, दिव्याची तिरीप त्यावर पडली होती. मला स्वच्छ दिसलं. माइक हातात होता. "मैदान पुसून घ्या" — एवढंच म्हणायचं होतं ना?

म्हणालो नाही. का? — कारण पाहुणे चेंडू उडवायला तिकडूनच येणार होते. पांढरा सफारी, नवे बूट. ते घसरून बसलेले मला पाहायचे होते. त्यावर माइकवरून काय बोलायचं, तेही मी जुळवून ठेवलं होतं.

पाहुण्यांनी देवाचं काम म्हणून बूट काढून ठेवले. अनवाणी आले, पाण्यातूनच गेले, चेंडू उडवला, नीट परत गेले. त्यानंतर तरी बोलायचं. पण माझं वाक्य वाया गेल्याची हळहळ करत मी बसलो — खरंच, तेवढ्यानेच — आणि मंदार धावत आला.

गुडघ्याचा आवाज माझ्या माइकमधून सगळ्या हॉलने ऐकला. तो पडला तिथलं पाणी त्याच्याच कपड्यांनी टिपलं गेलं. घामावर घसरला असेल, असं लोक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. तात्या बाहेरच्या बाकावर होते. म्हणाले, "सर, तुमी जवळ व्हतात. नारळ कसा निगाला वो?"

चांगला म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न काय आला असता? मग पाय कशानं सरकला? — आणि मी तर जवळ होतो. म्हणून मी, नवसाला हसणारा, शकुनांविरुद्ध लेख लिहिणारा मी, म्हणालो, "नासका होता, तात्या."

तात्या म्हणाले, "तरीच. माज्याच झाडाचा त्यो."

ती कायमची नोकरी हुकली. लीगही बंद पडली. मंदार आता एका शाळेत मुलांना कवायत शिकवतो, किंचित लंगडत. मध्ये बाजारात भेटला. हसत सांगत होता — तात्यांनी तो माड तोडला, सर. नारळांच्या भरल्या पेंडींसकट. गाऱ्हाणं घालणंही सोडलं. म्हणतात, माझं देवानं घेतलं नाही.

मी त्याला चहा पाजला. देवरूखची एसटी रोज सुटते. तात्या आहेत. मी गेलेलो नाही.

नारळ उत्तम होता. आमच्याकडे त्याची चटणी झाली.